थिनर, पेट्रोल, फवारणीचं औषध ठेवता त्या खोलीतली लाईट फिटिंग

मागच्या चैत्रात आर्वीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "भाऊ, सामानाच्या खोलीतला बल्ब मिणमिण करून राहिला. एकदा येऊन पाहून जा जी." मी गेलो. दहा बाय बाराची खोली, वर टिन, एकच खिडकी आणि तीही पोत्यानं बुजवलेली. कोपऱ्यात पॉवर स्प्रेसाठी आणलेल्या पेट्रोलच्या दोन कॅन. शेजारी ट्रॅक्टरच्या डिझेलचा ड्रम. फळीवर फवारणीच्या औषधाच्या बाटल्या आणि गेटाला रंग दिला त्यातून उरलेलं अर्धा डबा थिनर. समोरच्या भिंतीला भाव वाढायची वाट पाहत पडलेला कापूस, टिनाला टेकेल एवढा. बोर्ड जमिनीपासून दोन फुटांवर, कारण बॅटरीचा फवारणी पंप खाली ठेवूनच चार्जिंगला लावायचा असतो. चार्जरचा टॉप कधीचाच तुटलेला, म्हणून वायरीची दोन उघडी टोकं सॉकेटात खुपसून आगपेटीच्या काड्यांनी घट्ट बसवलेली.

मी बटण दाबून पाहिलं नाही. अंगणातला मेन पाडला, दार सताड उघडलं, खिडकीतलं पोतं ओढून काढलं आणि अर्धा तास बाहेर बाजेवर बसून राहिलो. मालक म्हणाला, "इतके वर्ष काही झालं नाही बापा." त्याचं म्हणणं खरं होतं. त्या खोलीत वाफही होती आणि ठिणगीही होती, फक्त दोघींची वेळ जुळली नव्हती.

मी सत्तावीस वर्षांपासून वायरमनचं काम करतो. आयटीआय केलं, परवाना काढला, वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या गावोगावी घरं, गोदामं, गॅरेज, फर्निचरची दुकानं यांची फिटिंग केली. हे लिहितो ते अशा खोल्यांच्या मालकांसाठी आणि हातात नुकताच टेस्टर धरलेल्या पोरांसाठी.

आधी वाफेचा स्वभाव समजून घ्या

पेट्रोलच्या डब्यात जे हलतं ते द्रव स्वतः जळत नाही, त्यावर उठणारी वाफ जळते. ही वाफ डोळ्याला दिसत नाही आणि ती धुरासारखी वर जात नाही. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन ते चार पट जड असते, थिनरमधल्या टोल्यूइनची तीनपट. त्यामुळे ती ओढ्याच्या पाण्यासारखी उताराला लागते. फरशीवरून सरकते, दाराखालून दुसऱ्या खोलीत जाते, गॅरेजच्या खड्ड्यात, मोरीत, केबल टाकायला खोदलेल्या नालीत जाऊन बसते आणि वारा नसला तर तासन्‌तास तिथंच राहते. डबा या कोपऱ्यात असला तरी पेट घ्यायची जागा तिकडची असू शकते.

हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत असली की ती भडकते. म्हणजे शंभर भाग हवेत दीड भाग वाफ पुरे. आणि तिला पेटवायला लागणारी ठिणगी एक मिलिज्यूलपेक्षाही कमी ताकदीची. नायलॉनचा शर्ट काढताना अंधारात जी चटचट होते तेवढीही चालते. घरातलं साधं बटण बंद करताना आत याहून किती तरी मोठी ठिणगी पडते. बटण चांगल्या कंपनीचं असो की हलकं, ठिणगी पडतेच, कारण चालू करंट तोडताना ती पडणारच.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. किती तापमानाला एखादं द्रव पेटण्याइतकी वाफ सोडू लागतं त्याला फ्लॅश पॉईंट म्हणतात. पेट्रोलचा शून्याखाली ४० अंशांच्या आसपास, म्हणून ते पौषातल्या पहाटेही तेवढंच धोक्याचं. टोल्यूइनचा ४ अंश, स्पिरिटचा १३ च्या जवळपास. हे सगळ्यांना अंदाजानं माहीत असतं. पण रॉकेल, टर्पेंटाईन, डिझेल यांच्याबद्दल लोक निर्धास्त असतात. "डिझेलात पेटती काडी टाकली तरी विझते" हे मी शंभरदा ऐकलं. डिझेलचा फ्लॅश पॉईंट किमान ३५ अंश असावा असं आपल्याकडचं मानक सांगतं. रॉकेलचंही तेच. टर्पेंटाईनही ३५ च्या आसपासच. आणि वैशाख-ज्येष्ठात अकोला, वर्धा, चंद्रपूर इथं सावलीतला पारा ४५ च्या वर जातो. टिनाखालच्या बंद खोलीत त्याहून जास्त. ज्या द्रवाला थंड प्रदेशातला माणूस बिनधोक म्हणेल ते आपल्या उन्हाळ्यात भरदुपारी पेटण्याजोगी वाफ सोडू शकतं. काडी विझायचा तो प्रयोग हिवाळ्यातला असतो.

फवारणीच्या औषधांचंही तसंच. बाटलीवर नावापुढे 'ईसी' लिहिलेलं असेल तर औषध बहुधा झायलिनसारख्या सॉल्व्हंटात विरघळवलेलं असतं. झायलिनचा फ्लॅश पॉईंट तिशीच्या आत आहे. विष म्हणून आपण या बाटल्या लेकरांपासून दूर ठेवतो, ते बरोबरच आहे. त्या चार्जरपासूनही दूर ठेवायला पाहिजेत.

माझ्या हातून झालेली चूक

काम सुरू करून तीन-चार वर्षं झाली असतील. तालुक्याच्या गावी एका फर्निचरवाल्यानं दुकानामागे पॉलिशचं शेड टाकलं आणि फिटिंग मला दिली. स्प्रेगनचा पाईप लहान होता, म्हणून तो म्हणाला कॉम्प्रेसर आतच ठेवू. मी शेडच्या आत, जमिनीपासून दीड फुटावर पॉइंट काढून दिला. वर साधा एक्झॉस्ट फॅन बसवला, तोही छताजवळ. काम दिसायला सुबक झालं होतं, केसिंग-पट्टी एका रेषेत.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी त्याचा पुतण्या लॅकर मारत होता. लाईट गेली. फॅन बंद, कॉम्प्रेसर बंद. टाकीत हवा होती तोवर त्यानं गन चालवली, मग खाली बसून उरलेल्या लॅकरमध्ये थिनर कालवत बसला. बटणं चालूच. पंधरा-वीस मिनिटांनी लाईट आली तसा कॉम्प्रेसर आपोआप सुरू झाला. सिंगल फेजच्या त्या मोटरीत वेग पकडल्यावर सुटणारा एक स्विच असतो, सुटताना ठिणगी टाकतो. फरशीवर साचलेली वाफ त्याच उंचीवर होती. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, भुवया गेल्या, पोट्टा वाचला. मी दवाखान्यात त्याच्या आईसमोर उभा होतो. ती मला काही बोलली नाही.

त्या पॉइंटमध्ये वायर चांगली होती, जोड पक्का होता, फ्यूज बरोबर होता. सगळं बरोबर करूनही जागा चुकली होती. तेव्हापासून अशा कामाला गेलो की मी पहिला प्रश्न विचारतो तो जागेचा: ठिणगी कुठं पडेल आणि वाफ कुठं जाईल? वायर कोणती आणि किती, ते त्यानंतर.

खोलीतली वीज बाहेर काढा

अशा खोलीसाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भक्कम उपाय म्हणजे आत काहीच न बसवणं. शेतकऱ्याच्या सामानाच्या खोलीला हे नक्की जमतं.

उजेडासाठी मी असं करतो. भिंतीत दीड फूट बाय एक फुटाचं भोक पाडून पक्की, न उघडणारी जाड काच बसवायची, कडा सिमेंटनं नीट बुजवायच्या. काचेच्या बाहेरच्या अंगाला, वळचणीखाली, पावसात भिजणार नाही असा एलईडी लाईट लावायचा, तोंड आत करून. उजेड आत, वीज बाहेर. आर्वीच्या त्या खोलीला मी हेच केलं. गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी आणि एक लाईट, एवढाच खर्च. काच दारापासून आणि खिडकीपासून शक्य तितकी लांब घ्या, नाहीतर दारातून निघालेली वाफ थेट त्या लाईटकडे जाईल. बटण दारालगत नको. दुसऱ्या भिंतीला किंवा घराच्या ओसरीत, छातीच्या उंचीवर.

मोबाइलचा टॉर्च, वायर ओढत नेलेला एक्स्टेन्शन बोर्ड, तारेला टांगलेला होल्डर, यातलं काहीही आत न्यायचं नाही. जुना शंभरचा बल्ब तर मुळीच नाही. त्याची काच एवढी तापते की वर थंड थेंब पडला तर फुटते, आणि फुटल्या क्षणी आतली लाल तार उघडी पडते.

फवारणी पंपाचं चार्जिंग घरच्या पडवीत करा. इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरीही तिकडेच. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो वर जातो आणि पेट्रोलची वाफ खाली, दोन्ही एका खोलीत नकोत. जुना फ्रिज सामान ठेवायला म्हणून अशा खोलीत नेतात, तोही चालू करू नका, त्याचा थर्मोस्टॅट दिवसातून कितीदा तरी स्वतःहून ठिणगी टाकतो.

खोलीतून दुसरीकडे जाणारा वायरिंगचा पाईप असेल तर तो काढा. लोक हे विसरतात. पाईप म्हणजे वाफेला आयता रस्ता, इकडची वाफ त्यातून सरकत तिकडच्या बोर्डात जाते. पाईप काढला की भिंतीतलं भोक सिमेंट-वाळूनं लिंपून टाका. जमिनीतल्या केबलच्या नालीत वाळू भरा, म्हणजे वाफेला साचायला पोकळी राहणार नाही.

आणि कापूस. रुईचा ढीग या खोलीत ठेवू नये हे सांगायला वायरमन कशाला पाहिजे, पण घरात जागाच नसते हे मलाही माहीत आहे. मग पेट्रोल हलवा. वीस लिटर पेट्रोलला अंगणात विटांचं कुलूपबंद कपाट पुरतं, खाली-वर जाळीची भोकं ठेवून, चुलीपासून आणि मीटरपासून लांब.

आतच वीज लागत असेल तर

रंगाचं शेड, गाड्यांचं गॅरेज, थिनरचं मोठं दुकान, इथं बाहेरून काम भागत नाही. अशा जागांचे तीन भाग धरतात. ड्रमच्या किंवा टाकीच्या आत, जिथं वाफ कायमच असते, तो झोन ०. ओतण्याच्या, फवारण्याच्या जागेभोवती, जिथं रोजच्या कामात वाफ होते, तो झोन १. आणि त्यापलीकडे, जिथं काही सांडलं-फुटलं तरच वाफ येईल, तो झोन २. हे कसं ठरवायचं ते आयएस ५५७२ या भारतीय मानकात आहे. मोठ्या कामाला झोनचा नकाशा जाणकार इंजिनिअरकडून करून घ्या आणि त्याची प्रत मालकाकडे ठेवा. अमेरिकेच्या वायरिंग नियमावलीत गॅरेजच्या फरशीपासून १८ इंच उंचीपर्यंतचा पट्टा धोक्याचा धरलेला आहे, कारण वाफ तेवढ्यात राहते. हे लक्षात ठेवायला सोपं आहे, पण स्प्रेच्या शेडला ते लावू नका. गनमधून निघालेला फवारा छतापर्यंत जातो, तिथं सगळी खोलीच धोक्याची.

अशा जागेत फ्लेमप्रूफ फिटिंग लागतं. दुकानदार बरेचदा वॉटरप्रूफ लाईट दाखवून "हेच चालते भाऊ" म्हणतो. चालत नाही. आयपी ६५ म्हणजे धूळ आणि पाणी आत जाणार नाही, एवढंच. फ्लेमप्रूफमध्ये गोष्ट वेगळी आहे. त्यात वाफ आत जाऊ शकते, आत भडकाही होऊ शकतो, पण पेटी इतकी जाड असते की फुटत नाही आणि झाकणाच्या घट्ट सांध्यातून बाहेर पडताना ज्वाळा थंड होऊन मरते. म्हणून त्या सांध्याला फार जपावं लागतं. सहापैकी एक बोल्ट कमी असला की ती पेटी साधी पेटी झाली. सांध्यावर रंग मारायचा नाही, ओरखडा पडू द्यायचा नाही, पाणी जाऊ नये म्हणून सिलिकॉन भरायचं नाही. मी एका ठिकाणी पाहिलं, दिवाळीच्या रंगरंगोटीत फ्लेमप्रूफ बॉक्सचे सांधे ऑईलपेंटनं बुजवून टाकले होते. सगळे उघडून साफ करावे लागले.

घेताना त्यावरची पट्टी वाचा. 'एक्स डी' किंवा 'एक्स डीबी' हे फ्लेमप्रूफचं चिन्ह. पुढे वायूचा गट असतो: पेट्रोल आणि टोल्यूइनला टू ए (पट्टीवर IIA) पुरतो, स्पिरिट असेल तर टू बी (IIB) घ्या, टू बी दोन्हीकडे चालतो. मग तापमानाचा वर्ग: टी ३ म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग २०० अंशांवर जाणार नाही, टी ४ म्हणजे १३५. पेट्रोलला टी ३ किंवा त्याहून वरचा आकडा. पट्टी नसेल किंवा खरवडलेली असेल तर घेऊ नका. फिटिंगला पेसोची मान्यता आहे का ते विचारा आणि कागद मागा. पेसो म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटना, देशभराच्या या कामाचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

केबल आर्मर्ड (वरून लोखंडी कवच असलेली), तांब्याची. पेटीत शिरताना डबल कंप्रेशन ग्लँड (केबलला भोकात घट्ट आवळून धरणारा भाग), आणि तीही त्याच दर्जाची. पेटीला चार भोकं असून दोनच वापरली तर उरलेल्या दोनला दर्जाचेच प्लग, लाकडाची खुंटी किंवा टेप नाही. मध्ये जोड नको. लागलाच तर फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्समध्ये, वायरीच्या टोकाला धातूची लग दाबून बसवून (क्रिंप करून). पिळा मारून टेप गुंडाळलेला जोड अशा जागेत मी स्वतः कापून काढतो, मालक रागावला तरी. साधी पीव्हीसी वायर इथं टिकतही नाही. थिनर, पेट्रोल लागत राहिलं की पीव्हीसीतला मऊपणा निघून जातो, वायर काडीसारखी कडक होते आणि वाकवली की तडकते. शिवाय टिनाखाली ५० अंश गरमी असेल तर त्या वायरीनं एरवीच्या साधारण सत्तर टक्केच करंट न्यावा. म्हणून केबलही एक साईज मोठी घ्या.

हवा खेळवायची रीत

वाफ खाली असते, तर ती काढायची जागाही खालीच हवी. छताजवळचा एक्झॉस्ट फॅन वरची चांगली हवा ओढतो आणि खालची वाफ तिथंच राहते, माझ्या त्या शेडमध्ये नेमकं हेच झालं होतं. आता मी साधा पंखा वाफेच्या वाटेत ठेवतच नाही. एका भिंतीला बाहेरच्या अंगाला, लहानशा नळकांड्यातून ताजी हवा आत ढकलणारा ब्लोअर लावतो, म्हणजे मोटर कायम स्वच्छ हवेत. समोरच्या भिंतीला फरशीलगत जाळीची भोकं, तिथून वाफ बाहेर. ती भोकं जिथं उघडतात तिथं बाहेर मीटर, चूल, विडी ओढायची बैठक, यातलं काही नको. आधी पाच मिनिटं ब्लोअर, मग डब्याचं झाकण. काम संपल्यावर ब्लोअर आणखी अर्धा तास.

कॉम्प्रेसर शेडबाहेर, चांगल्या अंतरावर. पाईप लहान पडत असेल तर पाईप लांब घ्या.

आणि लाईट गेल्यावर काय होतं त्याचा विचार आधीच करा. आपल्याकडे शेतातल्या मोटरपंपाला लोक ऑटो लावतात, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. या कामात ऑटो लावायचा नाही. ब्लोअर आणि कॉम्प्रेसर दोन्ही स्टार्टरवर घ्या, हिरव्या-लाल बटणाच्या, म्हणजे लाईट गेली की सुटेल आणि माणसानं येऊन बटण दाबल्याशिवाय सुरू होणार नाही. स्टार्टर अर्थात बाहेर. त्या दिवशी एक स्टार्टर असता तर तो पोट्टा भाजला नसता.

अर्थिंग, आणि त्यात काळ्या मातीची अडचण

आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. अर्थिंगच्या पाईपाभोवतीची माती सुटते, सुकते, आणि आषाढात चांगली आलेली अर्थिंग वैशाखात निकामी होते. मोजायची तर उन्हाळ्यातच मोजा. खड्ड्यावर झाकण, पाणी ओतायला नरसाळं, आणि फाल्गुनापासून आठवड्याला दोन बादल्या पाणी.

फक्त एमसीबीवर (करंट फार वाढला की आपोआप पडणारं बटण) का विसंबू नये ते हिशेबानं पाहा. अर्थिंगचा रोध १० ओहम असला आणि फेजची वायर लोखंडी पेटीला लागली, तर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी एवढ्यावर झटकन पडत नाही, कितीतरी मिनिटं तशीच राहू शकते, आणि तेवढा वेळ जोड तापत, ठिणग्या टाकत राहतो. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पाहिजेच, ती सेकंदाच्या आत तोडते. पण आरसीसीबी सैल स्क्रूची ठिणगी पकडत नाही, बटणाचीही नाही. तिचं काम जमिनीकडे गळणारा करंट ओळखायचं. स्क्रू तुम्हालाच आवळावे लागतील.

वायरीशिवाय पडणारी ठिणगी

एका ड्रममधून दुसऱ्या डब्यात पेट्रोल किंवा थिनर ओतताना त्याच्या घर्षणानंच वीज साठते. कोरड्या उन्हाळ्यात जास्त. दोन्ही भांडी लोखंडाची घ्या, ओतण्याआधी क्लिप लावलेल्या तांब्याच्या तारेनं एकमेकांना जोडा आणि ड्रम अर्थिंगला जोडा. रंगावर क्लिप लावून उपयोग नाही, धातू उघडा करून लावा. नरसाळं धातूचं, डब्याला टेकलेलं, आणि धार हळू. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठलेली वीज तारेनं निघत नाही, म्हणून पेट्रोलसाठी त्या नकोत. गाडीच्या डिकीवर किंवा ट्रॉलीतल्या रबरी चटईवर कॅन ठेवून भरूही नका, जमिनीवर ठेवा.

किती ठेवता येतं तेही इथंच सांगतो. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात, आणि धातूचं एक भांडं २५ लिटरपेक्षा मोठं नको. डिझेलला ही मर्यादा २,५०० लिटर, एका भांड्यात १,००० पेक्षा जास्त नाही. किराणा दुकानात बाटलीतून पेट्रोल विकणं यात कुठंच बसत नाही.

जनरेटरमध्ये चालू असताना तेल ओतू नका. बंद करून पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, रात्र असली आणि घरात पाहुणे बसले असले तरी.

सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये तेल काढायला हेक्झेन नावाचं पेट्रोलसारखं द्रव असतं, त्याचा फ्लॅश पॉईंट उणे २२. तिथलं काम त्यांच्या प्रशिक्षित लोकांचं. तिथं गावच्या वायरमननं, मीही, साधं होल्डरही बदलू नये.

देखभाल आणि वास आला तर

वर्षातून दोनदा, होळीच्या आधी आणि पोळ्याच्या सुमारास, सगळ्या जोडांचे स्क्रू आवळा. आधी मेन बंद, डबे बाहेर, दोन तास हवा. मग ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीचं आवरण तपासायचं यंत्र) इन्सुलेशन मोजा, एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर वायर बदला. मेगरही ठिणगी टाकू शकतो, म्हणून वास पूर्ण गेल्याशिवाय तो लावायचा नाही. उंदीर-घुशींनी कुरतडलेल्या वायरी बहुतेक टिनाच्या पट्टीमागे सापडतात, तिथं हात घालून नाही, बॅटरीच्या उजेडात पाहून, खोली रिकामी केल्यावर.

दार उघडलं आणि पेट्रोलचा किंवा थिनरचा भपकारा आला, तर कोणतंही बटण हलवू नका. लावूही नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. आत पाऊल न टाकता दार तसंच उघडं ठेवा, माणसं आणि जनावरं लांब न्या, आणि मेन जर खोलीपासून दूर, मोकळ्या हवेत असेल तर तो पाडा. फोन करायचा तो रस्त्यावर जाऊन करा.

आग लागलीच तर पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि जळत जळत पसरतं. लहान आगीला कोरड्या पावडरचं सिलेंडर, नाहीतर वाळू. दोन बादल्या कोरडी वाळू दाराबाहेर कायम भरलेली ठेवा, आत नाही, कारण आग लागल्यावर आत जाता येत नाही. पावसाळ्यात त्यावर झाकण टाका, ओली वाळू ढेकूळ होते आणि पसरत नाही. सिलेंडर घरातल्या बाईमाणसांनाही चालवून दाखवा. दुपारी पुरुष शेतात असतात, घरी त्याच असतात. १०१ किंवा ११२ ला फोन करताना गावाबरोबर फाट्याचं नावही सांगा, बंब तालुक्याहून येतो आणि फाट्यावर चुकतो.

आर्वीच्या त्या घरी काम संपल्यावर मी मालकाच्या आईला मेनजवळ नेलं. तिनं स्वतःच्या हातानं तो तीनदा पाडला आणि तीनदा लावला. मग तिनं विचारलं, "आणि अंधारात कसा सापडन रे बापू?" मेनच्या पेटीवर मी चुन्यानं हाताएवढा पांढरा पट्टा ओढला, आणि अंगणातली बाज त्याच्यासमोरून हलवायला लावली.